चिखलदऱ्याची जीप

ती. मायले,

इथूनच पाया पडते. मी बरी आहो, ज्वारीचं पीठ अजून पुरून राहिलं. तुहा गुडघा कसा आहे? अकोल्याच्या डॉक्टरले दाखवला का?

तू विचारलं होतं, एवढ्या देशायच्या संस्थेचा मोठा साहेब कोण नेमते अन् कोण काढते. तुह्या ग्रामपंचायतीसारखंच आहे. सगळे देश मतं टाकून बसवते, काढाले दोन तृतीयांश मतं लागते.

आमच्या साहेबानं एक अहवाल दाबला, म्हणून त्याच्यावर अविश्वास ठराव आला. सोमवारी सुनावणी आहे अन् मी साक्षीदार आहो. काल त्याच्या माणसानं मले नेमकं त्याच आठवड्याचं, डोंगरावरच्या ट्रेनिंगचं तिकीट आणून दिलं. हॉटेलही मोठं आहे म्हणे.

मले तू मेंबर होती तवाचा तुमचा सरपंच आठवला. त्याच्यावरच्या अविश्वासाच्या मतदानाले कोणी राहू नये म्हणून त्यानं मेंबरायले जीपमंधी भरून चिखलदऱ्याले नेलं, पण तू जीपमंधी न चढता ओट्यावर गहू निवडत बसली. ठराव पडला, पण तुहा हात वर होता.

तिकीट मी वापस केलं. माही नोकरी डिसेंबरपर्यंतच पक्की आहे, हे बाबाले सांगू नको.

इथला ठराव पडला तरी माही साक्ष कागदावर राहीन.

तुही लेक,
वैजू