फक्त पाडव्यापर्यंत

१२ जानेवारी २०२५, नेपरव्हिल

ढकलली! मराठी मंडळाची निवडणूक ढकलली! ग्रुपवर अरुणरावांचा मेसेज — 'सद्य परिस्थिती पाहता निवडणूक तूर्त पुढे ढकलण्यात येत आहे. सहकार्य असावे. — अरुण, अध्यक्ष.' कसली परिस्थिती? बाहेर थोडा बर्फ आहे, एवढीच! शहरातल्या मोठ्या मंडळातून आम्ही चाळीस घरं फुटून निघालो, स्वतंत्र झालो, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून हेच अध्यक्ष. मी विचारलं तर म्हणाले, "इलाताई, तुम्ही रांगोळीचं बघा ना."

रांगोळीचं!

१५ जानेवारी

कॉलेजात आज नेमका तोच विषय — नवस्वतंत्र देशांतले सत्तापालट. वीस वर्षं शिकवतेय. झेंडा नवा, राष्ट्रगीत नवं, आणि चार-पाच वर्षांत कुणीतरी कर्नल येऊन सांगतो, मी फक्त निवडणुकीपर्यंत आहे हं! वर्गात विचारलं, बंडवाले आधी काय ताब्यात घेतात? एक म्हणाला बँक, एक म्हणाला एअरपोर्ट. एका मुलीचे आजोबा घानाचे. ती म्हणाली, "रेडिओ, मॅम. ग्रँडपा म्हणायचे, रेडिओवर बँड लागला की समजायचं, सरकार गेलं."

घरी येताना सिग्नलला डोक्यात प्रकाश पडला. आमचा रेडिओ म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप! अ‍ॅडमिन दोनच — अरुणराव, आणि मेनू टाकता यावा म्हणून शरयूकाकू. शिवाय मंडळाचं अख्खं स्वयंपाकघर काकूंच्या हुकमात. म्हणजे सैन्यसुद्धा!

१८ जानेवारी

काकूंकडे जाऊन आले. त्या आधीच धुमसत होत्या. "अरुणने मला न विचारता गुळपोळ्या बाहेरून ऑर्डर केल्या! तू सांग, काय करायचं. पण इलेक्शन घ्यायचं हं, इला." घेणारच! पाडव्याला. शब्द दिलाय.

२५ जानेवारी

जिंकलो!!! शाळेच्या कॅफेटेरियात संक्रांतीचा कार्यक्रम. अरुणराव माइकवर, भाषण फोनवरून वाचतायत. काकूंनी तेवढ्यात मला अ‍ॅडमिन केलं आणि त्यांचं अ‍ॅडमिनपद काढून घेतलं. मी आधी सनईची क्लिप टाकली — बँडऐवजी! मग मेसेज: 'कार्यकारिणी बरखास्त. पाडव्याला निवडणूक. तोपर्यंत हंगामी अध्यक्ष — इला.' अरुणराव वाक्य अर्धवट सोडून फोनकडे बघतच राहिले. काकू झारा घेऊन दारात उभ्या. "आधी हात वर करा, मग वाढते!" सगळे हात वर! अरुणरावांच्या बायकोचासुद्धा — भूक लागली असणार बिचारीला.

निघताना अरुणरावांनीच मला तिळगूळ दिला. 'गोड बोला' म्हणताना चेहरा कसा झाला होता! गाडीत माझी लेक सावनी म्हणाली, "मॉम, यू जस्ट ओव्हरथ्रू हिम?" हो गं बाई! इतकं मोकळं मी कित्येक वर्षांत हसले नव्हते.

२३ फेब्रुवारी

काय सुरेख चाललंय! शिवजयंतीचा कार्यक्रम चक्क वेळेवर सुरू झाला. ग्रुपवर फार कलकल व्हायची, म्हणून आता फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतात. थोडे दिवस. किती शांत वाटतं!

१६ मार्च

अरुणराव उभे राहणार म्हणे! घरोघरी चहाला जातायत. लोकांना कळत कसं नाही? आत्ता कुठे घडी बसतेय. काकूंनीही विचारलं, "बॅलट्स प्रिंट करायचे ना?" बघू म्हटलं.

२३ मार्च

नोटीस टाकली — 'सद्य परिस्थिती पाहता...' जानेवारीतलाच मजकूर कॉपी केला, त्यात नवीन काय लिहायचं? मिनिटभरात शरयूकाकूंचा फोन — "इला, खालचं नाव बदलायचं राहिलं गं."