ब्रेकचा पाइप

ता. ४ मार्च

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

आपल्या मोठ्या ट्रकचा ब्रेकचा पाइप कुणीतरी कापला. उतारावर गाडी थेट भिंतीवर गेली. ड्रायव्हरकाका वाचले, पण उजवा पाय गेला. तुझ्या सासरच्यांचंच हे काम, असं धाकटा म्हणतो. त्यांच्या गॅरेजला आग लावायला निघाला होता, आई दारात आडवी झाली म्हणून थांबला. दोन ट्रकवाल्या घरांचं वैर मिटावं म्हणून तुला तिकडे दिली, आणि हे असं झालं. तू इकडे निघून ये. जावईबापू रागावले तर रागावू देत. आईचा जीव टांगणीला लागलाय.

वाट बघणारा,
दादा

ता. ७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

मी येणार नाही. पाइप माझ्या दिराने कापला. जेवताना स्वतःच फुशारकी मारत होता. ब्रेक ऑइलने माखलेला त्याचा शर्ट सासूबाईंनी माझ्यापुढे टाकला आणि मुकाट्याने धुवायला सांगितला. मी तो पोलिसांना नेऊन दिला. आधी ह्यांना सांगितलं. ह्यांनी स्कूटर काढून मला चौकीपर्यंत सोडलं. आत आले नाहीत. तेवढंही पुष्कळ.

दिराला काल धरून नेलं. घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. तुम्ही म्हणायचात ना, बेबी बडबड फार करते? आता या ऐकायला.

धाकट्याला सांगा, त्याने इकडे काडी जरी पेटवली, तरी त्याचंही नाव मी असंच सांगेन. साक्ष मी काकांसाठी देतेय, माहेरासाठी नाही. आईला जपा. माझ्यावर राग धरू नका.

तुमची,
बेबी

ता. १५ मार्च

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र धाकट्याला वाचून दाखवलं. बहीण त्यांची झाली म्हणून दोन दिवस फुगून बसला. आता रोज हॉस्पिटलात काकांपाशी असतो, त्यांची दाढीसुद्धा करून देतो. गाल कापतो, ते वेगळं.

आज तुझे सासरे तिथे आले. कॉटच्या पायथ्याशी उभे राहिले. धाकटा ताडकन उठला. मी त्याला अडवायला पुढे झालो. त्याने आपलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. काका म्हणाले, "बसा मालक."

कोर्टाच्या तारखेला आम्ही दोघं येऊ. कुणाच्या बाजूला बसायचं, ते तू सांग.

माया आहे तशीच राहू दे.

दादा