घर पुण्यात आहे, असं सांगायचं

१२ मार्च २०२३

डोकं फिरलंय पोरीचं. वरणभात कालवता कालवता अनिका म्हणते, ‘बाबा, आय वॉन्ट टु प्ले फॉर इंडिया.’ म्हटलं, खेळ की, त्यात काय! शुभा म्हणाली, ‘अहो, पूर्ण ऐकून तरी घ्या.’

पूर्ण असं, की भारताकडून फुटबॉल खेळायचं तर पासपोर्ट भारताचाच लागतो. दोन-दोन चालत नाहीत. म्हणजे आपला अमेरिकेचा निळा परत करायचा!

त्या निळ्यासाठी मी इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहीत म्हातारा झालो. ग्रीन कार्डच्या रांगेत डोक्यावरचे केस गेले. नागरिकत्वाची शपथ घेताना नव्या सुटात रडलो होतो मी. हिला जन्मतःच मिळाला ना, म्हणून किंमत नाही.

‘मग अमेरिकेकडून खेळ,’ म्हटलं. तर म्हणे तिच्यापुढे ढीगभर स्ट्रायकर आहेत, गोल मारायला टपलेल्या. आणि इंडियात? ‘देअर, दे नीड मी.’

गरज म्हणे! आम्हाला नाही का गरज? वरण गार झालं. तसंच खाल्लं.

१४ मार्च

शुभा बोलत नाहीये. मी ‘नाही’ म्हणालो म्हणून, की ठामपणे ‘नाही’ म्हणालो नाही म्हणून, कळत नाही. विचारायची सोय नाही.

२५ मार्च

इथल्या मराठी मंडळाचा पाडवा. खरा बुधवारीच झाला, पण सण आम्ही शनिवारीच करतो. अध्यक्ष प्रताप यांनी मला कोपऱ्यात घेतलं. ‘अहो, लोक इकडे यायला धडपडतात आणि तुमची मुलगी उलट्या दिशेने? समजवा तिला यार, करिअर आहे.’ मग स्टेजवर गेले आणि ‘मातृभूमीची ओढ’ या विषयावर पुरणपोळ्या निवेपर्यंत बोलले. शेवटी डोळे पुसले. लोकांनीही पुसले. मग सगळे पार्किंगमध्ये मुलांच्या कॉलेज ॲडमिशनबद्दल बोलत उभे.

१९ ऑगस्ट

गेली. आधी वर्षभर तिथे राहायचं आणि मग अर्ज करायचा, असा नियम आहे. पुण्याला माझ्या बहिणीकडे, चारुताकडे राहील. एअरपोर्टवर शुभाने तिच्या हातावर दही-साखर ठेवली, डब्यातून आणली होती. मी म्हणालो, ‘सीटबेल्ट नीट लाव.’ दुसरं काही सुचलंच नाही.

६ जानेवारी २०२४

चारुताचा फोन. ‘दादा, तुझी लेक आता रिक्षावाल्याशी भांडते. चक्क मराठीत!’

काहीतरीच. माझ्याशी तर अजून ‘येस, बाबा’ आणि ‘ओके, बाबा’.

२३ नोव्हेंबर

झालं. निळा दिला, नवा मिळाला. फोटो आला. शुभाने प्रिंट काढून देवापुढे ठेवली. मी गराजमध्ये गाडीत जाऊन बसलो आणि रडलो. कोणी विचारलं असतं तर टायरची हवा बघत होतो म्हणालो असतो. कोणी विचारलं नाही.

५ एप्रिल २०२५

पहिली मॅच! लॅपटॉपवर बघितली. दुसऱ्या हाफमध्ये तिला उतरवलं. ती बॉल घेऊन पळाली आणि चित्र गोठलं. तिचा एक पाय हवेत, तोंड उघडं. शुभा लॅपटॉपवर चापट्या मारतेय, मी राउटरकडे धावतोय, आणि तेवढ्यात चारुताचा मेसेज: ‘गोल!!!’ लेकीचा पहिला गोल आम्ही असा वाचला.

६ एप्रिल

सकाळीच प्रतापचा फोन. ‘आपली अनिका! हाडाची भारतीय. मी तेव्हाच म्हटलं होतं तुम्हाला.’

१ जून

गणपतीला मंडळाची प्रमुख पाहुणी अनिका. पोस्टर छापलं: ‘खास भारताहून!’ ती जन्मली ते हॉस्पिटल मंडळाच्या हॉलसमोर आहे. शाल आणि नारळही ठरला. पण यायचं तर तिला आता टूरिस्ट व्हिसा लागणार. स्वतःच्या खोलीत झोपायला!

१३ जुलै

ट्रॉयमधल्या निम्म्या लोकांच्या आई-बाबांची व्हिसा इंटरव्ह्यूची तयारी मीच करून घेतलेली आहे. मला व्हिसाकाकाच म्हणतात. मुलाकडे राहायला जातोय म्हणायचं नाही. फिरायला जातोय म्हणायचं. घर भारतात, माणसं भारतात, परत येणार. आजवर माझा एकही म्हातारा नापास झालेला नाही.

आज व्हिडिओवर अनिकाला बसवलं. मी कोट घालून साहेब झालो. ‘व्हेअर इज युअर होम?’

‘ट्रॉय.’

नापास! ‘अगं, परत जाणार नाही असं वाटलं की व्हिसा नाकारतात. घर पुण्यात आहे, असं सांगायचं.’

‘बट दॅट्स अ लाय, बाबा.’

पुन्हापुन्हा म्हणून घेतलं. दर वेळी अडखळली. खोटं बोलता येत नाही तिला, आमच्याच संस्कारांची चूक. मला मनातून भीती वाटतेय. काउंटरवर खरं बोलली तर पोर घरी यायची नाही. शुभाने मात्र तिच्या खोलीत धुतलेल्या चादरी घालून ठेवल्यात.

२९ जुलै

व्हिसा मिळाला! फोन आला तेव्हा शुभा पेढ्यांसाठी दूध आटवायला लागली होती. मी पहिलं तेच विचारलं, ‘घर पुण्यात आहे म्हणालीस ना? अडखळली नाहीस ना?’

‘म्हटलं, बाबा. खोटं बोलावंच लागलं नाही.’

मराठीत म्हणाली. शुभाला मी फक्त व्हिसाचं सांगितलं.