शेजारच्या ढगाची साक्ष

बावधन, जानेवारी २००९

प्रिय आबा,

सापडली! लोखंडाची रेघ सापडली! आज सकाळी सरांनी माझा वर्णपट तीनदा तपासला आणि म्हणाले, "आहे बाई, खरी आहे." हात आधी तुम्हालाच फोन लावायला गेला. मग आठवलं, तुम्हाला जाऊन वर्ष झालं. म्हणून हे पत्र.

तुमचा प्रश्न आठवतो? आपल्या गावी, रिह्याला, खाचराच्या बांधावर बसून मी ऐटीत सांगत होते. दीर्घिकेच्या मधोमध कृष्णविवर असतं, जवळ येईल ते गिळतं, आणि त्या वेळी भोवतालचा वायू इतका तापतो की क्ष-किरण फेकतो. मी बघतेय ते विवर गप्प आहे, पण पूर्वी खादाड असावं. तुम्ही विचारलंत, "आता गप हाय, तर आदी खात हुतं ह्ये तुला कसं कळणार गं?"

आणि मी काय म्हणाले? "जाऊ द्या आबा, तुम्हाला नाही कळायचं."

खरं सांगू? उत्तर मलाच येत नव्हतं! शिकलेली लेक ना मी, कबूल कशी करणार? एक रट्टा तरी का नाही दिलात? नुसते हसलात. म्हणालात, "बैल बाजारात गरीबच दिसतोय, पोरी. मालकाला इचारून काय कळतंय? शेजाऱ्याचं कुंपण मोडलंय का बघावं."

मी धड ऐकलंही नाही. पण अहो, शेवटी तेच केलं! विवर सोडलं आणि शेजारचा वायूचा ढग धरला. विवराने पूर्वी फेकलेले क्ष-किरण ढगावर आदळले, त्यातलं लोखंड चमकलं; वर्णपटातली रेघ ती हीच. वळसा घालून येणारी ती चमक आपल्याकडे शेकडो वर्षं उशिरा पोचते. विवर केव्हाच निजलं, ढग अजून चुगली करतोय!

तुम्ही असतात तर आळीभर सांगत सुटला असतात, तेही अर्धं चुकीचं. चाललं असतं हो मला! फार आठवण येते.

मघाशी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आगं, पर इतक्या लांब लोखंड न्हेलं कुणी?" तेच "तुला नाही कळायचं" ओठांवर आलं होतं, आबा. जीभ चावली.

रविवारी घरी जातेय. चुलीपुढे बसून तिला पहिल्यापासून सांगणार आहे, ताऱ्याच्या पोटात लोखंड कसं तयार होतं तिथपासून. दहादा विचारलं तर दहादा. आणि जिथे अडेन तिथे सरळ म्हणेन, "आई, हे मलाच नाही कळलेलं." वचन देते.

तुमची,
सुमी