पाण्याच्या टाकीपासून सरळ

दि. ४ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

परीक्षेचा निकाल आधी सांगते आणि मोकळी होते. तुझी ताई नापास झाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी धाकट्या भावाला असलं पत्र लिहायची वेळ यावी! हसून घे.

गाडी चढावर थांबवणं, मागे घेणं, सगळं नीट पार पडलं. शिलाई मशिनवर तीस वर्षं पाय चालवलाय, तेव्हा क्लचबद्दल कोणी मला शिकवू नये. मग पाण्याच्या टाकीचा चौक आला. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी सरळ जायला सांगितलं. मी हो म्हटलं आणि डावीकडे वळले. शेजारच्या ड्रायव्हिंग मास्तरांना बरोबर घेऊन रोज दुपारी मी त्याच रस्त्याने ह्यांना ठेवलंय त्या शुश्रूषागृहात जाते, हात आपोआप वळले. डाव्या अंगाने येणारा एक सायकलवाला पडता पडता वाचला आणि मला पत्ताच नाही. मी आपली फाटकातून आत गेले, नेहमीच्या झाडाखाली गाडी लावली, हँडब्रेक ओढला. परीक्षेनंतर परस्पर जायचं म्हणून डब्याची पिशवी मागच्या सीटवर ठेवली होती. ती घ्यायला वळले तेव्हा शेजारी मास्तर नाहीत, साहेब आहेत हे ध्यानात आलं. बिचारे म्हणाले की आता आलाच आहात तर डबा देऊन या.

ह्यांनी आजही विचारलं, गाडी आणली का. पस्तीस वर्षं टपालाची गाडी चालवलेला माणूस. माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. गाडीचं मात्र रोज विचारतात. आपल्या निळ्या गाडीत पुढे शेजारी बसवून ह्यांना नदीच्या पुलापर्यंत एक फेरी मारून आणावी, एवढंच माझ्या मनात आहे. पण शिकाऊ परवान्यावर ती सीट मास्तरांची. मागे बसवलं तर हे चालत्या गाडीचं दार उघडतात, आणि स्टिअरिंगवर परका माणूस दिसला की त्याचे हात धरतात. टॅक्सीतला तमाशा तुला कळवला होताच. मी चालवलेली तेवढी चालते, कारण मला शिकवायला सुरुवात ह्यांनीच केली होती. डॉक्टर म्हणतात, जे करायचं ते लवकर करा.

इथे पुढची तारीख ९ जुलैची मिळते आहे. तुमच्या गावी किती थांबावं लागतं ते विचारून कळव. घरात सर्वांना आशीर्वाद. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
ताई


दि. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी पोट धरून हसलो. मग हिने वाचलं आणि डोळे पुसले, तेव्हा मलाही पुढे हसवेना. लहानपणी सायकल कुठूनही निघाली तरी तू ती आपल्याच पायरीवर आणून आपटायचीस. जित्याची खोड, दुसरं काय!

चौकशी केली. आमच्याकडे तीन आठवड्यांत तारीख मिळते. फक्त रस्ते नवे, म्हणून दहा दिवस आधी येऊन सराव करायला हवा. मोठे चौक दोनच, आणि सवयीने डावीकडे वळलीस तर लाकडाची वखार लागेल, तिथे तुझं कोणी जेवायचं थांबलेलं नाही. परीक्षेची गाडी माझ्या दुकानावरून जाते. घड्याळातले बारीक स्क्रू आता दिसत नाहीत, पण तुझी निळी गाडी नक्की दिसेल. डोळ्यांनी दगा दिला नसता तर मीच येऊन, भाऊजींची समजूत काढून, गाडी चालवली असती.

दहा दिवस नर्सबाई बघतील त्यांचं. जुलै फार लांब आहे, ताई. ये. हिने तुझ्यासाठी खिडकीजवळची खाट रिकामी केली आहे.

तुझ्या आशीर्वादावर हक्क सांगणारा,
बारक्या


दि. २४ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मास्तरांना सांगून टाकलं होतं की मी भावाकडे जाणार. बॅगही काढली होती. पण मध्येच मला ताप आला आणि दोन दिवस शुश्रूषागृहात जाता आलं नाही. नर्सबाई गुणाची आहे, तिने सगळं करून पाहिलं. हे तोंड मिटून बसले. दोन दिवस पाण्याखेरीज काही नाही. तिसऱ्या दिवशी मी चमचा पुढे केला तर लहान मुलासारखा आ केला, आणि वर मलाच विचारलं की उशीर का.

दोन दिवसांत ही गत, मग दहा दिवसांचं काय? मी रात्रभर नाही, पण दोन-तीन दिवस विचार केला. एकीकडे ह्यांची एक फेरी आणि दुसरीकडे ह्यांचं रोजचं जेवण. मी जेवण धरलं आणि इथलीच ९ जुलै ठरवली. बॅग परत माळ्यावर टाकली आहे.

तू रागावशील. रागव, पण पत्र थांबवू नकोस. तुझ्या बायकोला सांग, खाट आवरू नको, कधीतरी येईनच.

तुझी,
ताई


दि. २ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावलो आहे. कोणी तारीख सोडली तर ती दुसऱ्याला देतात म्हणे. रोज सकाळी कचेरीत फोन करून विचार. विसरू नकोस.

बारक्या


दि. १२ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुम्ही दोघं परत गेलात आणि घर खायला उठलं. ह्यांना जाऊन आज सोळा दिवस झाले. दुपारी बारा वाजले की मी अजून डबा भरायला घेते, मग अर्धा भात परत पातेल्यात काढते.

तू आठवडाभर इथे होतास. माझं ऐकायला हवं होतंस, असं एकदाही म्हणाला नाहीस. म्हणून मीच म्हणते. तुझं ऐकलं असतं तर एप्रिलमध्येच परवाना हाती आला असता. पुलापर्यंत काय, ह्यांना तुझ्या दारापर्यंत आणलं असतं. शेवटच्या दिवशीही विचारलं, गाडी आणली का. मी नेहमीसारखं उद्या म्हटलं. तो उद्या मला फार लागलाय.

रोज सकाळी फोन केला, पण कोणीही तारीख सोडली नाही. आता ९ जुलैची मीच सोडते. वरातीमागून घोडं नाचवून काय करायचं? गाडी मास्तरांच्या भाच्याला देऊन टाकीन.

तुझी,
ताई


दि. २० जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खोटं लिहीत नाही. तुझ्याकडे येताना वाटभर माझ्याही मनात तेच होतं, की ताईने ऐकलं नाही. मग नर्सबाई भेटल्या. त्यांनी सांगितलं की शेवटच्या दुपारीही भाऊजींनी तुझ्या हातून निम्मं ताट संपवलं आणि मग झोपले. त्यानंतर ते मनातून गेलं. तूही काढून टाक.

तारीख सोड, पण परीक्षा सोडू नकोस. इथे ये. तीन आठवड्यांत मिळेल. त्या फाटकावरून गाडी न्यायची तुला सक्ती नको. आता तिथे तुझी वाट पाहणारं कोणी नाही, हे मला लिहवत नाही, पण लिहितो. गाडी कोणाला देऊ नकोस.

तुझा,
बारक्या


दि. १० जुलै

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं परत एकदा ऐकलं नाही. तारीख सोडली नाही, काल इथेच परीक्षा दिली. तुझ्या गावी वखारीवरून गाडी नेऊन मी पास झाले असते, पण तो चौक तसाच राहिला असता.

साहेब तेच होते. त्यांनी ओळखलं. मागच्या सीटकडे एकदा पाहिलं, तिथे डबा नव्हता. पाण्याची टाकी आली आणि त्यांनी सरळ जायला सांगितलं. माझा डावा दिवा आधीच लागला होता, बारक्या. हाताला कोण सांगणार? मी तो बंद केला, सायकलवाला आहे का ते पाहिलं, आणि सरळ गेले. आरशात ते फाटक आणि ते झाड थोडा वेळ दिसलं. रडले, पण गाडी रेषेत ठेवली. साहेबांनी कागदावर पास लिहिलं आणि आपला रुमाल पुढे केला.

मास्तर कचेरीबाहेर थांबले होते. सवयीने दार उघडून शेजारी बसायला आले, मग स्वतःच थांबले आणि म्हणाले की आता माझी गरज नाही. पायी घरी गेले. चार महिने जी सीट मोकळी व्हावी म्हणून धडपडले, ती अशी मोकळी झाली.

मग मी एकटीच पुलापर्यंत गेले. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. पुलावर कोणी नव्हतं. मी शेजारच्या सीटकडे तोंड करून, मोठ्याने सांगितलं की गाडी आणली आहे.

रविवारी तुमच्याकडे येते आहे. दुकानासमोर निळ्या गाडीपुरती जागा धरून ठेव, आणि माझ्यापुरती तुमच्या मनात.

तुझी,
ताई