गालाचं माप

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या निम्माच घालता येतो, उरलेला मनातून.) तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि शिलाई मशीन, तिघांच्याही तब्येती बऱ्या आहेत असं धरून चालतो. इकडे आम्ही मजेत.

तू एकच विचारलंस: ‘माझ्या चुळबुळ्याच्या हाती तू आखलेली बंदूक येणार, ती बरी आहे ना?’ अगं, बरी काय म्हणतेस! ज्या कार्ट्याला जेवायला एका जागी बसवता येत नव्हतं त्याला सैन्यानं नेमबाज केलं, तिथे मामानं आखलेली बंदूक साधीसुधी असून चालेल का? भाऊजींनी मागे जेवताना नाक मुरडलं होतं, की आजच्या काळात दर गोळीला हातानं खटका मागे ओढायचा अन् पुढे ढकलायचा, हा कुठला मागासलेपणा? त्यांना सांग, गोळी सुटताना आत दुसरं काही हलत नाही, म्हणूनच ती लांबवर नेमकी जाते. नेमबाजाला भसाभसा झाडायच्या नसतात. दिवसभर गवतात पालथं पडून एकच झाडायची असते. शिवाय नळी पुढे लाकडाला कुठेच टेकत नाही, मधून कागद सरकतो. (आपल्या थोरल्या काकांसारखी. घरात राहायचं, पण कुणाला चिकटायचं नाही.)

परवा चाचणी झाली. आता खांद्याला लावायच्या दस्त्यावर गाल टेकायला एक पट्टी असते. गाल टेकला की डोळा आपोआप दुर्बिणीसमोर यायला हवा. ती वरखाली होणारी करा, असं आमच्या ऑफिसातले दीडशहाणे म्हणत होते. मी म्हटलं, स्क्रू आले की ते ढिले होणारच, त्यापेक्षा एकदा नीट माप घ्या आणि पट्टी पक्की बसवा. घेतलं माप. कुणाचं म्हणजे काय? टेबलाशी ठाण मांडून मीच तर बसलो होतो! (माझ्या गालांवर तू लहानपणापासून जे बोलत आलीस ते इथे उगाळू नये.) तर जवान पालथे पडले आणि एकेक गोळी फलकाच्या आसपासच्या मातीत जाऊ लागली. मी डगमगलो नाही. स्वतः आडवा झालो, झाडली, आणि पहिल्याच गोळीला फलक ठण्णकन वाजला! (उठवायला दोघे लागले, ते सोड.) शाबासकीसाठी वळून बघतो तर मेजरसाहेब एकदा माझ्या तोंडाकडे बघतायत, एकदा त्यांच्या पोरांच्या. डोंगरात राहून राहून त्या पोरांना गाल म्हणून उरलेच नव्हते गं. एकानं मुकाट्यानं बूट काढला, पायातला मोजा पट्टीवर गुंडाळून चिकटपट्टी लावली आणि फलक वाजवला. मग काय, सगळ्याच बंदुकांनी मोजे घातले! अहवालात शेरा आला: बंदूक उत्तम, मोजा कारखान्याने पुरवावा. मी यातला पहिला भाग फ्रेम करून लावणार आहे.

बंदूक चुकलीच नव्हती, गाल चुकले होते, आणि हे मी मेजरसाहेबांना तोंडावर ऐकवलं. ते भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, की पट्टी खाली राहिली तर माझी पोरं बघण्यासाठी डोकं बोटभर वर उचलतात, आणि समोरच्याला तेवढं पुरतं. नंतर चहा आला. मी तो प्यायलो की नाही, आठवत नाही.

असो. बंदुकीची काळजी तू मुळीच करू नकोस. भाऊजींना नमस्कार, मशीनला तेल.

तुझा,
धाकटा

ता. क. पट्टी वरखाली होणारी करतोय. दीडशहाण्यांपुढे हार खाल्ली असं समजू नकोस. ढिले न होणारे स्क्रू मलाच सुचले, म्हणून.

आणखी ता. क. चुळबुळ्या सुट्टीवर येतोय ना? उंबरठा ओलांडला की आधी त्याला धर आणि शिवणाच्या टेपनं गाल पट्टीला टेकतो तिथपासून डोळ्याच्या मध्यापर्यंत माप घे. उलट टपाली कळव. कशाला ते त्याला सांगू नकोस, हसेल मेला.

शेवटचं. ताई, हात जोडतो, माप होईपर्यंत त्याला खाऊ घालू नकोस. तुझ्या हातचं दोन दिवस खाल्लं की त्याचे गाल वर येतात, आणि मला तो तिकडे असतो तसाच मोजायचाय. एकदा माप घेतलंस की मग हवं तेवढं वाढ त्याला. पट्टी खालीही घेता येते.