सोनेरी शिक्का कोणाचा?

अष्टमी, मंगळवार, संध्याकाळी सहा

धाटावच्या कारखान्यातून पहिली शिफ्ट करून आले आणि पुन्हा तो सोनेरी शिक्का बघत बसले. बारावीनंतर राहिलेली पदवी आता दूरशिक्षणाने करायचीय. कायम पॅकिंगलाच राहू का मी? ज्या विद्यापीठात प्रवेश घ्यायचं मनात आहे, त्याच्या माहितीपत्रकावर हा शिक्का आहे, परदेशी मान्यतेचा. पण खरा कशावरून?

शेवटी मावशीला फोन लावला. ती पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. म्हणाली, "गो बाय, 'पेणची मूर्ती' असा बोर्ड कोन पन लावतो. इकनाऱ्याला नाय इचारायचं, कारखान्यात इचारायचं."

म्हणून शिक्का देणाऱ्या परदेशी संस्थेची वेबसाइट उघडली. फोन नंबर ओळखीचा वाटला. विद्यापीठाचाच नंबर! देणारे तेच, घेणारे तेच. आणि मी बावळट, महिनाभर तो शिक्का सगळ्यांना कौतुकाने दाखवत होते.

चिडले, पण गप्प बसले नाही. दूरशिक्षणाची परवानगी असलेल्या विद्यापीठांची सरकारी यादी काढली. ते नाव त्यात नाहीच. दुसरं एक मात्र सापडलं, बीकॉम आहे, प्रवेशही चालू आहेत. अर्धा फॉर्म भरून झाला.

यांच्या माहितीपत्रकावर सोनेरी शिक्का नाही. नसू दे. मावशीने आखलेल्या डोळ्यांखाली तरी कुठे तिचं नाव असतं?